तिलारीकाठची गुरं

दोडामार्ग तालुका १९९९ साली सावंतवाडीतून वेगळा झाला. पण इथल्या माणसाची नोकरी, बाजार, मोठा दवाखाना हे सगळं गोव्याकडेच. दोडामार्गच्या बाजारातून डिचोली आणि म्हापसा सावंतवाडीपेक्षा जवळ पडतात. नदीचा ओढाही तिकडेच. सह्याद्रीतून उतरलेली तिलारी सीमा ओलांडून शापोरा होते. या तालुक्यातलं धरण, रबर आणि हत्ती यांवर पुष्कळ लिहिलं जातं. या तिन्हींचा भार ज्यांच्यावर पडला, त्या गुरांबद्दल मात्र फारसं कोणी लिहीत नाही.

पूर्वी राखण्या सकाळी वाडीतली गुरं सोडायचा, डोंगरावर चारायचा, दुपारी ओहोळाकाठच्या गोठणीवर बसवायचा आणि तिन्हीसांजेला दावणीला आणायचा. भात कापलं की मळेही मोकळे. दूध बेताचंच मिळे. गुरं पाळली जात ती जोतासाठी आणि शेणासाठी. कारण धुवाधार पावसात धुपणाऱ्या इथल्या जमिनीत शेणखताशिवाय भाताला जोर येत नाही. हे सगळं पेलणारी गाय म्हणजे लहान चणीची, तांबूस, चढणीला सरावलेली कोकण कपिला. जनावरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे.

तिलारीचं पाणी वाटून घेण्याचा करार गोवा आणि महाराष्ट्रात १९९० साली झाला. त्यातला सुमारे ७३ टक्के वाटा गोव्याचा. धरणामुळे पाट्ये, सरगवे, शिरंगे, आयनोडे यांसारखी गावं पाण्याखाली गेली, तेव्हा घरांसोबत चरणी आणि पाणवठेही गेले. नुकसानभरपाई ठरली घरांची आणि जमिनीची. गुरांच्या वाटांचा हिशेब कोण ठेवणार? पुढे केरळमधून आलेल्या बागायतदारांनी डोंगर घेऊन रबर लावलं आणि चढणींना कुंपणं पडली. २००२ साली कर्नाटकातून मांगेलीमार्गे हत्ती आले, ते माड-केळी-सुपारीत ठाण मांडून बसले. एप्रिल २०२५मध्ये मोर्लेत हत्तीने एका शेतकऱ्याचा जीव घेतला. अशा रानात गुरं घेऊन कोण जाईल? तरुण पोरं तर गोव्यातल्या कारखान्यांत आहेत, आणि नांगरणी पॉवर टिलरवर आली आहे.

म्हणून गुरं गोठ्यात आली आणि देशी गाईच्या जागी संकरित आली. तिला पेंड विकत आणावी लागते, पण दुधाचे रोख पैसे हाती पडतात. त्या पैशांवर मुलांची शाळा चालते, म्हणून त्या घराला नावं ठेवण्याचा हक्क कोणालाच नाही. काळजी वाटते ती कपिलेची. बिबट्या किंवा वाघाने गाय मारली तर वनखात्याची भरपाई जनावराच्या बाजारभावावर बेतलेली असते, आणि दोन-अडीच लिटर दुधाच्या गाईला बाजारात भाव तो किती? तिचं वर्षभराचं शेण आणि त्यावर पिकलेलं भात त्या आकड्यात कुठेच येत नाही. तिलारी खोऱ्यात २०२० साली संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, ते योग्यच झालं. वाघाला जागा दिली, तशी त्याच्या शेजारी राहणाऱ्या गावांना राखीव चरणी द्यायला हवी, आणि भरपाईच्या हिशेबात शेणखतही धरायला हवं.