बोट सोडताना

हिंजवडीत सकाळच्या वेळी रस्त्यावर पाऊल ठेवायला धडधाकट माणूसही दोनदा विचार करतो. कंपन्यांच्या बसगाड्या, दुचाकी, मधूनच एखादा डंपर. अशा गावात माझ्या चोवीस वर्षांच्या मुलाला मी एके दिवशी म्हणालो, 'आज पाव तू एकटा आण.' दुकान आमच्या गल्लीच्या टोकाला, जेमतेम दीडशे पावलांवर. मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही. तरी माझ्याच तळहातांना घाम फुटला होता.

माझ्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. या मुलांमध्ये बहुधा एकविसाव्या जोडीत एक गुणसूत्र जास्त असतं. हा काही औषधानं बरा होणारा आजार नव्हे. शिकणं सावकाश होतं, पण होतं. एक गोष्ट मात्र बदलली आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा व्यक्तींचं सरासरी आयुष्य २५ वर्षांच्या आसपास होतं. हृदयावरच्या शस्त्रक्रिया आणि चांगली देखभाल यांमुळे आज ते साठीच्या घरात गेलं आहे. बातमी आनंदाचीच, पण तिचा दुसरा अर्थ असा, की आमची मुलं आमच्यानंतरही जगणार आहेत. 'आपल्यामागे याचं काय?' हा प्रश्न अशा प्रत्येक आईबापाच्या उशाशी असतो.

बरीच वर्षं माझ्याकडे या प्रश्नाला एकच उत्तर होतं, आणखी जीव लावायचा. तो पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याच्या बुटांच्या नाड्या मीच बांधल्या. त्याला वेळ लागायचा आणि मला घाई असायची. मायेच्या नावाखाली मी माझीच सोय पाहत होतो. त्याला शिकवणाऱ्या बाईंनी एकदा शांतपणे विचारलं, 'नाड्या त्याच्या आहेत की तुमच्या?'

हळूहळू सोडत जाण्याची रीत त्यांनीच शिकवली. पाव आणणं हे आपल्याला एक काम वाटतं. त्यात खरं तर आठ कामं असतात : पैसे घेणं, चपला घालणं, दार ओढून घेणं, कडेकडेनं चालणं, पाव मागणं, सुटे परत घेणं, घरी येणं आणि पिशवी अम्मीच्या हातात देणं. शिकवायचं मात्र शेवटाकडून. बाकी सगळं आपण करायचं, पिशवी देण्याचं काम तेवढं त्याचं. म्हणजे पहिल्याच दिवशी काम पुरं केल्याचा आनंद त्याला मिळतो. ते जमलं, की त्याच्या आधीची पायरी. मदतही अशीच कमी करत न्यायची. आधी हात धरून, मग एखादा शब्द, मग नुसती खूण आणि शेवटी गप्प राहायचं. कविता लिहिणाऱ्याला शब्द खोडायची सवय असते. इथे जिभेवर आलेला शब्द गिळावा लागतो. ते फार अवघड.

१९७२ साली रॉबर्ट पर्स्की या अमेरिकी लेखकानं मांडलं होतं, की धोका पत्करण्यातही माणसाची प्रतिष्ठा असते. प्रत्येक धोका आपण अडवला, तर माणूस सुरक्षित राहतो, पण वाढत नाही. याचा अर्थ मुलाला वाऱ्यावर सोडणं नव्हे. माझ्या मुलाच्या खिशात आमच्या फोन नंबरची चिठ्ठी असते. मोठा रस्ता हा पुढचा धडा आहे.

कायदाही हेच सांगतो. मूल अठरा वर्षांचं झालं, की आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. गरज असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं तर मर्यादित पालकत्वाची कल्पना आणली. ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं आणि त्या व्यक्तीची इच्छा विचारात घेऊन. आमच्याच मुळशी तालुक्यात कोळवणला 'साधना व्हिलेज' आहे. तिथे प्रौढ बौद्धिक दिव्यांग व्यक्ती घरासारख्या वातावरणात एकत्र राहतात, झेपेल ते काम करतात. आईबापांशिवायही आयुष्य असू शकतं, हे तिथे दिसतं.

त्या सकाळी तो निघाला आणि मी चोरासारखा मागे. उभ्या टेम्पोच्या आडून पाहत होतो. पाव घेतले, सुटे पैसे विसरला. माझा पाय पुढे पडणार, तोच दुकानदारानं हाक मारली. तो वळला, पैसे घेतले, मुठीत घट्ट धरले. घरी येऊन पिशवी अम्मीच्या हातात दिली आणि मला म्हणाला, 'अब्बा, तुम्ही टेम्पोच्या मागे होतात. उद्या घरीच थांबा.'

दुसऱ्या दिवशी मी घरीच थांबलो. पाव येईपर्यंत चहा तीनदा गरम केला.