वेशीच्या आतला दवाखाना

१९७१ साली जामखेडच्या आसपासच्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाची होण्याआधीच जात. हगवण, धनुर्वात, न्यूमोनिया आणि या सगळ्यांच्या मुळाशी उपासमार. यातल्या बहुतेक मरणांना शस्त्रक्रियागृहाची गरज नव्हती. नाळ कापायला उकळलेलं पातं, गरोदर बाईला धनुर्वाताची लस, हगवण लागली की मीठ-साखरेचं पाणी आणि सहाव्या महिन्यापासून वरणात कुस्करलेली भाकरी, एवढं वेळेवर मिळालं असतं तरी पुष्कळ पोरं वाचली असती. पण ते सांगणारं आणि करणारं माणूस गावात नव्हतं.

राहुरीचे डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल हे वेल्लोरला शिकलेले डॉक्टर. १९६० च्या दशकात दोघं नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करत होते. बरं करून घरी धाडलेलं पोर थोड्याच दिवसांत तोच आजार घेऊन पुन्हा दारात येई. पाणी तेच, घर तेच, अन्न तेच. मग नुसत्या औषधानं काय होणार? हा प्रश्न घेऊन ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले आणि १९७० मध्ये परतले ते थेट जामखेडला. नगर जिल्ह्यातला, बीडच्या सीमेवरचा, दुष्काळ पाचवीला पुजलेला हा तालुका. इथं त्यांनी सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला.

पहिला डाव फसला, हे मुद्दाम सांगायला हवं. गावोगावी शिकलेल्या नर्सबाई नेमल्या, पण परक्या गावात एकटीनं राहायचं कसं, हा त्यांचा प्रश्न. आणि बाहेरून आलेल्या बाईचं ऐकायचं का, हा गावाचा. तेव्हा गावातलीच बाई निवडायची ठरलं. यातल्या कित्येकींनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. काही दलित वस्तीतल्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, जातपात बाजूला ठेवून एकत्र राहत, जेवत आणि शिकत. चित्रं दाखवून, आपल्याच गावातल्या बायकांची उदाहरणं घेऊन शिक्षण चाले. परत गेल्या की बाळंतपणं करायची, बाळांची वजनं घ्यायची, कुष्ठरोग आणि क्षयाचा संशय असलेला माणूस हेरायचा, आणि आपल्या हातचं काम नसेल तर वेळ न दवडता त्याला दवाखान्यात पाठवायचं.

१९७२ च्या दुष्काळानं आणखी एक धडा दिला. लोकांना आधी औषध नको होतं. पाणी आणि अन्न हवं होतं. प्रकल्पानं कूपनलिका खोदल्या, त्यातल्या बऱ्याच दलित वस्तीत. ज्यांचा स्पर्श चालत नव्हता त्यांच्या अंगणातल्या हातपंपावर सवर्ण घरच्या बायका घागरी घेऊन जाऊ लागल्या. हगवण कमी झाली आणि वेशीची रेघही थोडी पुसट झाली.

फळ दिसायला फार वर्षं लागली नाहीत. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जगातल्या मोजक्या प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. १९७८ मध्ये प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या आंतरराष्ट्रीय आल्मा-आटा परिषदेनं ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा उचलून धरली. पुढच्याच वर्षी आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९० च्या दशकात या गावांतला बालमृत्यूचा आकडा विशीच्या आसपास आला, तेव्हा देशाचा अजून सत्तरीत होता.

‘छोट्या देशांना जमतं, आपल्याला कसं जमणार?’ असं आपल्याकडे नेहमी विचारलं जातं. २०११ च्या जनगणनेत नगर जिल्हा ४५ लाखांचा होता. त्याच वर्षी मध्य अमेरिकेतला कोस्टा रिका हा अख्खा देश ४३ लाखांचा. त्या देशानं १९४१ मध्ये सामाजिक विमा सुरू केला, १९४८ मध्ये सैन्य मोडीत काढलं आणि १९९० च्या दशकात चार-पाच हजार लोकांमागे एक आरोग्य पथक नेमलं. त्या पथकात घरोघर फिरणारा कार्यकर्ता असतो. आज तिथलं सरासरी आयुर्मान ऐंशीच्या घरात, श्रीमंत अमेरिकेपेक्षाही वर. म्हणजे आकारानं आपला एक जिल्हाही ‘छोटा देश’च आहे. फरक एवढाच की तिथं घरी येणारा माणूस सरकारचा पगारी नोकर आहे, तर जामखेडला तो एका संस्थेच्या पुण्याईवर उभा राहिला.

आपलं सरकारही जागं झालं, पण उशिरा आणि अर्ध्यावर. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून हजार लोकवस्तीमागे गावातलीच एक आरोग्य कार्यकर्ती, आशाताई, आली. जामखेडची छाप उघड होती, पण सुरुवातीचं प्रशिक्षण २३ दिवसांचं आणि मोबदला कामागणिक, कारण सरकारी कागदावर ती स्वयंसेविका. २०१२ मध्ये जीवनदायी ही आरोग्य विमा योजना आली, तीच पुढे महात्मा फुले यांच्या नावानं चालली. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. २०२४ पासून पाच लाखांपर्यंतचं विमाकवच राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुलं झालं.

हे सगळं मोलाचं आहे. बायपास शस्त्रक्रियेपायी विकलं जाणारं एकरभर रान त्यामुळे वाचतं. गावातली बाई कितीही तयार असली तरी तिच्यामागे भक्कम दवाखाना लागतो. जामखेडलाही तो होता. ६ नोव्हेंबर २०२१ ला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून दहाहून अधिक कोविड रुग्ण दगावले, तेव्हा मोफत खाटेइतकीच सुरक्षित खाटही महत्त्वाची असते हे जिल्ह्याला जिवाचं मोल देऊन कळलं. पण विम्याचं कार्ड चालतं ते माणूस आजारी पडल्यावर. बाळाचं वजन दोन महिने वाढलेलं नाही, हे कार्डाला कळत नाही.

ते जिला कळतं, ती आशाताई २०२३ च्या ऑक्टोबरात मोबदल्यासाठी राज्यभर संपावर होती. जामखेडला अशा बाया घडवणाऱ्यांपैकी डॉ. मेबल १९९९ मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ मध्ये. पन्नासहून अधिक वर्षांचा हिशेब मांडला तर एक बाकी तेवढी उरते: वेशीच्या आत दवाखाना नेणारी बाई सरकारनं उचलली, तिचा पगार मात्र अजून वेशीबाहेरच आहे.