वेळापत्रकावरचें एकमत

वर्षारंभीं शाळा उघडली कीं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं फळ्यावर वेळापत्रक लागतें. अंकगणिताला किती तास, संस्कृतला किती, चित्रकला शुक्रवारीं कीं शनिवारीं, याविषयीं विद्यार्थ्यांचें मत कोणी विचारीत नाहीं. विचारलें असतें तर सहामाही परीक्षा आली तरी वेळापत्रक लागलें नसतें, हें आमचे वाचकहि कबूल करतील. परंतु जगांत एक सभा अशी आहे कीं तिला मुख्याध्यापक नाहीं, आणि तिच्या ६५ सभासदांपैकीं एकानेंहि हरकत घेतली तर तिचें वेळापत्रक ठरत नाहीं. ती सभा म्हणजे जिनीव्हा येथील निःशस्त्रीकरण परिषद होय.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें १९७८ सालीं निःशस्त्रीकरणासाठीं खास अधिवेशन भरविलें व त्यांतून पुढील वर्षीं ही संस्था उभी राहिली. जुन्या राष्ट्रसंघाचा प्रासाद हें तिचें परंपरेचें स्थान. तेथील दालनाचीं चित्रें सेर्त नांवाच्या स्पॅनिश चित्रकारानें काढलेलीं असून तीं स्पेननें १९३६ सालीं भेट दिलीं. त्याच वर्षीं त्या देशांत यादवी युद्ध पेटावें, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा. ही परिषद केवळ बोलघेवडी आहे असें मात्र कोणी समजूं नये. रासायनिक शस्त्रें बनविण्यास व बाळगण्यास बंदी करणारा करार तिनेंच १९९२ मध्यें तयार केला, आणि १९९७ पासून तो अंमलांत आहे.

परिषदेचें अधिवेशन वर्षांत तीन भागांत मिळून २४ आठवडे चालतें. आरंभीं विषयपत्रिका मंजूर होते. तींत केवळ विषयांचीं नांवें असल्यामुळें फारशी अडचण येत नाहीं. खरी अडचण येते ती त्यापुढच्या कार्यक्रमाची. कोणत्या विषयाला समिति नेमावयाची, तिचा अध्यक्ष कोण, तिच्या बैठका किती, आणि मुख्य म्हणजे तिनें करावयाचें काय? ‘वाटाघाटी’ कीं ‘विचारविनिमय’? आपणांस हा शब्दच्छल वाटेल. परंतु वाटाघाटींच्या शेवटीं करार असतो व तो सही करणाऱ्यास बांधतो. विचारविनिमयाच्या शेवटीं निघतो तो अहवाल, आणि अहवालानें कोणाचाहि बाँब कमी होत नाहीं. म्हणून ज्याला एखादा करार नको असेल तो करार लिहिला जाण्याची वाट पाहात बसत नाहीं. वेळापत्रकांतील त्या एका शब्दापाशींच तो उभा राहातो.

हें जुळवावयाचें काम अध्यक्षाचें. आणि अध्यक्ष दर चार आठवड्यांनीं बदलतो! इंग्रजी वर्णानुक्रमानें देशांची पाळी येते, व वर्षाला सहा अध्यक्ष होतात. २००९ सालीं व्हिएतनाम व झिंबाब्वे यांच्याबरोबर वर्णमाला संपली आणि पुन्हा पहिल्या अक्षराचे अल्जीरिया, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया व ऑस्ट्रिया आले. अध्यक्ष एकेका गटास भेटतो, मसुदा दाखवितो, एखादा शब्द गाळतो, एखादा घालतो. गटांचीहि मौज आहे: ‘एकवीसांच्या गटांत’ तिसांहून अधिक राष्ट्रें आहेत, आणि चीन हा एकट्याचाच गट आहे. अखेर सभेंत अध्यक्ष विचारतो, ‘कोणाची हरकत आहे काय?’ सारे स्तब्ध राहिले कीं हातोडा पडतो. येथें एकमत म्हणजे सर्वांनीं मनापासून होकार देणें नव्हे; कोणीहि नाहीं न म्हणणें, एवढेंच.

१९९८ सालचे कांहीं आठवडे सोडले तर पुष्कळ वर्षें हा हातोडा पडलाच नव्हता. चीननें अंतराळांतील शस्त्रस्पर्धेचा विषय लावून धरला, अमेरिकेनें तो मानला नाहीं, आणि दोहोंच्या ओढाताणींत सारेंच अडलें. शेवटीं २९ मे २००९ रोजीं अल्जीरियाचे राजदूत इद्रिस जझाइरी अध्यक्ष असतां कार्यक्रम मंजूर झाला. चार कार्यगट व तीन विशेष संयोजक नेमावयाचे ठरले. ज्या युरेनियम व प्लुटोनियमपासून अणुबाँब घडतो, त्यांचें शस्त्रांसाठीं उत्पादन थांबविण्याच्या करारावर वाटाघाटी, आणि इतर विषयांवर विचारविनिमय, अशी ती तडजोड होती. सभागृहांत आनंद झाला. मग त्या गटांचे अध्यक्ष कोण व कोणत्या आठवड्यांत कोणता गट बसणार, एवढें क्षुल्लक काम उरलें. आणि त्यांतच सारें वर्ष गेलें. यांत मुख्य हरकती पाकिस्तानच्या होत्या. नवें उत्पादन थांबवून जुना सांठा तसाच राहूं दिला, तर शेजारी भारताचें वरचढपण कायमचें होईल, ही त्याची भीति. अधिवेशन संपलें तेव्हां कार्यक्रमहि संपला, कारण तो एका वर्षापुरताच असतो.

पाकिस्तानला दोष देण्यापूर्वीं आपण १९९६ साल आठवावें. अणुचांचणीबंदीच्या करारावर परिषदेंत एकमत होऊं न देणारें राष्ट्र भारत होतें. अण्वस्त्रें असलेल्या राष्ट्रांनीं तीं नष्ट करण्याची मुदत त्यांत नाहीं, आणि आपल्या संमतीवांचून करार अंमलांत येणार नाहीं असें कलम घालून आपल्यावर दडपण आणलें जात आहे, असें आपल्या राजदूत अरुंधती घोष यांनीं तेथें ठामपणें मांडलें. घोषबाईंचें शालेय शिक्षण मुंबईंत झालें होतें. पुढें ऑस्ट्रेलियानें तो मसुदा आमसभेपुढें नेला. तेथें बहुमत चालतें. १० सप्टेंबर १९९६ रोजीं तो १५८ विरुद्ध ३ मतांनीं संमत झाला. तरीहि तो अद्याप अंमलांत आलेला नाहीं, कारण ज्या ४४ राष्ट्रांची संमति अवश्य, त्यांपैकीं कित्येकांनीं ती दिलेली नाहीं, व त्यांत भारतहि आहे. मतें मोजून करार संमत होतो, पण ज्याच्या हातीं अस्त्र आहे त्याला तो मानावयास लावतां येत नाहीं; एकमताच्या नियमाला चिकटून राहाणारे याच अनुभवाकडे बोट दाखवितात. त्यांचें म्हणणें अगदींच खोडून काढतां येत नाहीं. मात्र जगांत सुमारे १२,००० अण्वस्त्रें असतां वर्षांमागून वर्षें केवळ वेळापत्रकांत जावींत, हेंहि समाधानानें पाहावत नाहीं.

२०१८ सालीं परिषदेनें निराळी वाट काढली: कार्यक्रमाचा वाद बाजूस ठेवून पांच उपसमित्या नेमल्या, आणि निदान त्या विषयांवर नीट बोलणें तरी झालें. परंतु तेंहि त्या वर्षापुरतेंच. जानेवारींत वर्णमालेंत ज्याची पाळी असेल तो प्रतिनिधि अध्यक्षाच्या खुर्चींत बसतो, कोरा मसुदा पुढें घेतो, आणि पहिल्या गटाला भेटावयास निघतो.