टोपली विणणाऱ्यांचा बांबूवरचा हक्क

गडचिरोलीच्या गोंड, माडिया घरांत सूप, टोपली, तट्टे यांवाचून संसार चालत नाही. हिरवा बांबू कोयत्याने उभा चिरायचा, पातळ कामट्या काढायच्या, तळ बांधायचा आणि उभ्या कामट्यांतून आडव्या ओवत काठ चढवायचा. काम हाताचे, पण डोके लागते. सुपाची वीण सैल पडली तर दाणा निसटतो.

मग असा कारागीर गरीब का? आम्ही हिशेब लिहिणारी माणसे. आम्हाला खोट कच्च्या मालाच्या खात्यात दिसते. बांबू मुळात गवताच्या कुळातला. पण १९२७ च्या वन कायद्याने त्याला ‘झाड’ ठरविले. तोडणी आणि वाहतूक वनखात्याच्या परवान्यात अडकली. कागद कारखान्यांना ठेके मिळाले आणि परवान्यावाचून बांबू आणून टोपल्या विकणारा आदिवासी गुन्हेगार ठरला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला. तरीही वाहतूक परवान्यासाठी झगडावे लागले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. हे कुणाचे दान नव्हे. गावाने एकत्र बसून, कायदा समजून घेऊन ते मिळविले.

बंधू-भगिनींनो, बाजारात टोपली घेताना घासाघीस करू नका. त्या किमतीत जंगलातली पायपीट आणि दिवसभराची मजुरी आहे. आणि मुलांना सांगा, नुसता हुन्नर असून भागत नाही. मालावरचा हक्कही मिळवावा लागतो.