‘सोडलं’ म्हणजे नेमकं काय?

हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं. पास्कलचा नियम तर इतक्या वेळा शिकवला, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितला असता. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, की तो सगळीकडं सारखाच पोहोचतो. फळ्यावर एक बारीक नळी, एक जाड नळी, दोघींना जोडणारी आडवी नळी. बारीक नळीवर छोटं वजन आणि जाड नळीवर मोटार. मुलं आकृती उतरवून घ्यायची. मोटारीला चाकं काढण्यातच निम्म्यांचा तास जायचा. पण हाच नियम आपल्या दारातल्या गाडीत, आपल्याच डाव्या पायाखाली रोज राबतो आहे, हे मला उमगलं ते निवृत्तीनंतर, एका रविवारी गाडीखाली उताणा पडल्यावर.

गाडी आमची जुनी. डिझेलची, उंच, सात माणसांची. पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा नोंदणी करून घेतलेली. शनिवारी दुपारी तिला अंगणातून मागं घ्यायला गेलो, तर रिव्हर्स पडेना. जोर लावला तर गिअरबॉक्समधून असा कर्रर्र आवाज आला, की शेजारचे खिडकीत आले. क्लच दाबला तर पाय लोण्यात घातल्यासारखा खाली गेला आणि पेडल वर यायलाच तयार नाही. पायाच्या अंगठ्यानं उचलून घ्यावं लागलं. पाच-सहा वेळा भराभर दाबल्यावर थोडा कडकपणा आला, गिअर पडला. मिनिटभरानं पुन्हा तेच.

सोमवारी सकाळी आईला घेऊन मिरजेला जायचं होतं. डोळ्याचं ऑपरेशन. साखर आटोक्यात येईना म्हणून तारीख दोनदा पुढं गेलेली, तिसऱ्यांदा कशीबशी मिळाली होती. भाड्याची गाडी सांगता आली असती. पण आईला गाडी लागते. पुढच्या सीटवर, काच उघडी ठेवून, अर्ध्या-अर्ध्या तासानं थांबत न्यावं लागतं. परक्या ड्रायव्हरला ‘थांब’ म्हणायचा तिला संकोच. “मग राहू दे रे, एका डोळ्यानं दिसतंय की,” एवढं म्हणून ती मोकळी झाली.

गावातल्या मेकॅनिकनं गाडीत बसून दोनदा क्लच दाबला आणि निदान केलं : क्लच प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवायचा, अठरा हजार रुपये आणि चार दिवस. त्याला मी दोष देत नाही. शनिवारची संध्याकाळ, त्याच्या दारात पाच गाड्या. पण माझं मन मानेना. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात गॅरेज चालवतो, त्याला फोन लावला. वर्गात तो शेवटच्या बाकावर असायचा, आणि पास्कलच्या नियमाच्या प्रश्नाला त्याला काय गुण मिळाले होते ते मी विचारणार नव्हतो.

त्यानं एकच प्रश्न विचारला. “सर, गाडी ओढत नाही, की गिअर पडत नाही?”

“गिअर पडत नाही.”

“मग प्लेट नसावी. प्लेट झिजली की इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पुढं सरकत नाही. गिअर पडत नसेल आणि पंपिंग केल्यावर पडत असेल, तर लाईनमध्ये एअर धरलीय. आधी बॉनेट उघडून क्लचच्या डबीत ब्रेक ऑईल किती आहे ते बघा.”

ज्याला सगळे ब्रेक ऑईल म्हणतात, तेच क्लचलाही लागतं. डबीतली पातळी खालच्या खुणेच्याही खाली होती. मग त्यानं मला टॉर्च घेऊन गाडीखाली पाठवलं. गिअरबॉक्सच्या कडेला बोटभर लांबीचा एक सिलिंडर असतो, स्लेव्ह सिलिंडर. त्याच्या तोंडावरच्या रबरी टोपीत बोट घातलं, तर ओलं आणि काळं. दुखणं सापडलं. आतलं रबर झिजलं होतं. तिथून ऑईल बाहेर पडत होतं आणि हवा आत शिरत होती. पुढं ज्यांना हे करावंसं वाटेल त्यांच्यासाठी इथंच सांगून ठेवतो : हवा आपोआप शिरत नाही. गळती न शोधता नुसती हवा काढली, तर आठवड्यानं पुन्हा गाडीखाली जावं लागतं. खाली कोरडं असेल तर आत पेडलच्या वरच्या बाजूला, पायपुसण्याखाली हात फिरवून पाहावा. मास्टर सिलिंडर गळत असेल तर ऑईल तिथं उतरतं.

स्पेअर पार्टच्या दुकानात नवा सिलिंडर मिळाला. दोन बोल्ट आणि एक पाईप. रविवारी सकाळी तासाभरात बसला. आता उरली हवा काढणं.

ही हवा एवढी का नडते? क्लच एकदा पूर्ण दाबला, की नळीतून जेमतेम चहाच्या चमच्याएवढं ऑईल पुढं सरकतं. तेवढ्यावर सगळा कारभार. द्रव दाबून लहान होत नाही, म्हणून पायाची हालचाल जशीच्या तशी दुसऱ्या टोकाला पोहोचते. पण मध्ये हवेचा बुडबुडा असेल, तर आपण दिलेला चमचा तो बुडबुडा चेपण्यातच संपतो. हवा चेपली जाते हा बॉइलचा नियम. पास्कल वारला 1662 साली, आणि बॉइलनं आपला नियम प्रसिद्ध केला तोही 1662 सालीच. द्रवांवरचा पास्कलचा ग्रंथ तर त्याच्या मृत्यूनंतर, 1663 साली छापला गेला. हे दोन धडे मी नेहमी वेगवेगळ्या दिवशी शिकवले. ते एकाच नळीत एकमेकांच्या विरोधात उभे राहिलेले मी प्रथमच पाहत होतो.

फोनवरून सूचना आल्या. हँडब्रेक ओढा, चारही चाकांना दगड लावा, इंजिन बंद. गाडी उंच आहे म्हणून ठीक. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. स्लेव्ह सिलिंडरवर एक छोटं निपल असतं. त्याला पाना लावायचा, त्यावर पारदर्शक नळी बसवायची (मी औषधाच्या दुकानातून सलाईनची नळी आणली) आणि तिचं दुसरं टोक बाटलीत थोड्या ऑईलमध्ये बुडवून ठेवायचं. वर बसलेल्या माणसानं क्लच तीन-चार वेळा दाबून खाली धरून ठेवायचा. मग खालच्यानं निपल अर्धा आटा सैल करायचं. ऑईल आणि बुडबुडे बाहेर येतात. निपल घट्ट झालं, की मगच वरच्यानं पाय उचलायचा. असं करत राहायचं.

“ऑईल नवं आणा हं सर. उघडा पडलेला डबा वापरू नका.” माळ्यावर चार वर्षांपूर्वीचा अर्धा डबा होता आणि माझा हात त्याच्याकडंच जात होता. हे ऑईल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याला काय कमी? डॉट 4 प्रतीच्या ताज्या ऑईलचा उत्कलनबिंदू निदान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात पौणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं, की मानकाला 155 अंशही पुरतात. इंजिन ऑईल तर चुकूनही ओतू नये, त्यानं आतली रबरं फुगतात. आणि आमच्या गाडीत क्लचची डबी वेगळी आहे. अनेक नव्या गाड्यांत ब्रेक आणि क्लच एकाच डबीवर चालतात. तिथं चुकलं तर हवा ब्रेकमध्ये जाते. तसल्या गाडीला मी हात लावणार नाही.

वर बसायला सौ.ला बोलावलं. ती गाडी चालवत नाही. “डावीकडचं ना?” असं विचारून पदर खोचून बसली. आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो. मध्ये गाडीचा तळ, आणि गल्लीत कुणाच्या तरी घरी मिक्सर चालू.

“दाब. दाब. दाब. आता धर.”

“धरलं.”

मी निपल सैल केलं आणि ओरडलो, “सोडलं!”

तिनं पाय सोडला. बाटलीतून नळीचं टोक तेव्हाच नेमकं वर आलेलं. सळ्‌कन हवा परत आत गेली.

“सोडू नकोस म्हणून सांगितलं होतं ना?”

“तुम्हीच तर सोडलं म्हणालात!”

मराठीत ‘सोडणं’ पायालाही आणि निपललाही. तीस वर्षं व्याख्या पाठ करून घेणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. मग नवे शब्द ठरवले. मी ‘उघडलं’ आणि ‘बंद’ म्हणायचं, तिनं फक्त ‘बंद’वर पाय उचलायचा, आणि उचलताना ‘वर’ म्हणायचं. दाब, धर, उघडलं, बंद, वर. ताल जमला. आधी काळ्या चहासारखं ऑईल आलं, त्यात साबूदाण्याएवढे बुडबुडे. वीसेक फेऱ्यांनंतर बुडबुडे मोहरीएवढे झाले. मी खुशीत होतो. मग अचानक नळीतून नुसती हवाच यायला लागली.

वरून आवाज आला, “अहो, मघापासून कुणी त्या डबीकडं बघितलंय का?”

डबी रिकामी! ऑईल खालून काढत होतो आणि वर घालायचं विसरलो होतो. सगळं पहिल्यापासून. या खेपेला दर पाच फेऱ्यांनी तीच उतरून डबी बघायची, भरायची आणि पुन्हा चढून बसायची. भरताना थोडं ऑईल मडगार्डवर सांडलं, तर तिनं लगेच पाण्यानं धुऊन काढलं. ते रंग खातं, हे मी तिला कधीतरी सांगितलं होतं. माझ्या लक्षात नव्हतं.

दुपारी दीडच्या सुमाराला नळीतून फिकट, मधासारखी अखंड धार आली. निपल घट्ट केलं, टोपी बसवली. पेडल वरच्या वरच कडक लागत होतं. इंजिन चालू करून रिव्हर्स टाकला. आवाजसुद्धा नाही. मी विजयी मुद्रेनं वळून पाहिलं, तर सौ. दाराला धरून उभी. डावा गुडघा वाकत नव्हता.

“केव्हापासून दुखतोय?”

“पहिल्यांदा डबी संपली तेव्हापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही ‘धर’ म्हणाला होतात.”

सोमवारी आई पुढच्या सीटवर, काच उघडी. चार ठिकाणी थांबलो. ऑपरेशन झालं, मंगळवारी पट्टी काढल्यावर तिनं पहिल्यांदा माझ्या शर्टाच्या बाहीवरचा काळा डाग दाखवला. संध्याकाळी विद्यार्थ्याला फोन करून सगळं सांगितलं. तो हसला. “सर, दुसरं माणूस नसेल तर एकट्यालाही होतं. डबी भरलेली ठेवायची, निपल सैल सोडायचं आणि थेंब थेंब गळू द्यायचं. उतारानं बरीचशी हवा आपोआप निघते. वेळ लागतो, पण पेडल दाबावं लागत नाही.”

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलं नाहीत सर. मला वाटलं, घाई आहे.”

हे मी आत जाऊन सौ.ला सांगितलं. तिनं काही न बोलता गुडघ्याखालची उशी सारखी केली. मी स्वयंपाकघरात गेलो आणि तव्यावर जाड मिठाची पुरचुंडी गरम करायला ठेवली.