फाशीबद्दलचे समज आणि नाशिकचा एक खटला

‘तीन-तीन न्यायालयं तपासतात, मग निरपराध माणूस फासावर जाईलच कसा?’ फाशीच्या बाजूने मांडला जाणारा हा सर्वांत भरवशाचा मुद्दा. नाशिकच्या एका खटल्यात तो टिकला नाही. जून 2003 मध्ये तिथे पेरूच्या बागेत राहणाऱ्या कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, बलात्कार झाले. भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना पोलिसांनी पकडलं. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून इतर तिघांना जन्मठेप दिली, तर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही पुन्हा फाशीच ठोठावली. तिन्ही पायऱ्यांवर सहाही जण दोषी!

पुढे प्रकरण पुन्हा उघडलं गेलं आणि 5 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयानेच सहाही जणांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि त्या चौघांची चौकशीच झाली नव्हती. न्यायालयाने प्रत्येकाला 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. मधल्या दहा वर्षांत शिक्षा अमलात आली असती, तर ही भरपाई कुणाच्या हातात ठेवायची होती? आणि ज्या कुटुंबाची माणसं गेली, त्याला तरी काय मिळालं? फाशीला विरोध म्हणजे गुन्हेगाराचा कैवार, असं म्हणणाऱ्यांनी या कुटुंबाचा विचार जरूर करावा.

हा खटला एकटा नाही. 2000 नंतरच्या सुमारे दीड दशकात खालच्या न्यायालयांनी फाशी सुनावलेल्यांपैकी जवळपास एक चतुर्थांश लोक वरच्या न्यायालयांत निर्दोष ठरले. फाशी सुनावलेल्यांपैकी फारच थोड्यांची शिक्षा अखेरपर्यंत टिकली. फाशीच्या छायेत कोण असतं, तेही पाहायला हवं. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या 2016 च्या अहवालानुसार फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. चांगला वकील सुरुवातीलाच, सत्र न्यायालयात लागतो, आणि तिथेच या लोकांकडे तो नसतो.

‘भर चौकात फाशी द्या, मग बघा कसा वचक बसतो!’ हा संताप मला समजतो, पण वचकाचा पुरावा सापडत नाही. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने 2015 च्या 262 व्या अहवालात सांगितलं की, जन्मठेपेपेक्षा फाशीने अधिक जरब बसते असं दिसत नाही. दहशतवादाशी संबंधित गुन्हे आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणं वगळता फाशी रद्द करावी, अशी शिफारसही केली. कॅनडाने 1976 मध्ये खुनासाठीची फाशी रद्द केली, त्यानंतर तिथे खुनांचं प्रमाण वाढलं नाही, उलट कमी होत गेलं. बलात्कारासाठी फाशी मागतानाही एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी: आपल्याकडे बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत 90 टक्क्यांहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीचे असतात. काका किंवा शेजारी फासावर जाणार म्हटल्यावर घरातलेच मुलीला गप्प बसवण्याची भीती वाढते.

फाशीविरोध हे परदेशी खूळ आहे, असंही म्हणतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 3 जून 1949 रोजी संविधान सभेत, फाशीच्या अपिलांची चर्चा चालू असताना, ही शिक्षाच रद्द करण्याला आपला अधिक पाठिंबा असल्याचं सांगितलं होतं, आणि त्यासाठी अहिंसा मानणाऱ्या या देशाच्या परंपरेचाच आधार घेतला होता.

उरला ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं’ हा समज. सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्येच, गांधीहत्येतील दोषी गोपाळ गोडसे याच्या प्रकरणात, स्पष्ट केलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं संपूर्ण आयुष्य. खुनासारख्या गुन्ह्यात चौदा वर्षं ही सरकारने सुटकेचा विचार करण्याआधीची किमान मुदत आहे. त्यानंतर सुटका व्हायलाच हवी, असा हक्क कुणालाही नाही. मुंबईतल्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात 25 नोव्हेंबर 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी रद्द केली, ती मरेपर्यंत तुरुंगात, पॅरोल नाही आणि फर्लोही नाही, असं बजावूनच.