अनुबोधपटाचे कर्ते कोण?

अनुबोधपट कोणी केला, असे विचारले की आपण दिग्दर्शकाचे नाव सांगून मोकळे होतो. परंतु १९३५ साली इंग्लंडमध्ये तयार झालेल्या 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' या छोट्या अनुबोधपटाची हकीकत पाहावी. दिग्दर्शक आर्थर एल्टन व एडगर ॲन्स्टी; छायालेखक जॉन टेलर. पैसा गॅस-व्यावसायिकांच्या संघटनेचा. नवी घरे झाली तर गॅसचा खपही वाढणार होता! तरीही हा पट निव्वळ जाहिरात ठरला नाही.

त्याचे मोठे श्रेय साहाय्यिका रुबी ग्रिअर्सन हिचे. लंडनच्या स्टेपनी भागातील गलिच्छ वस्तीत जाऊन तिने रहिवाशांशी स्नेह जोडला, त्यांची भीड मोडली. मग ती माणसे आपल्याच खोलीत, आपल्याच बोलीत उंदीर-ढेकणांची कहाणी सांगू लागली. पटात निवेदक आहे. पण लक्षात राहतात ती ही माणसे.

१९४० साली मुलांना कॅनडास नेणारी 'सिटी ऑफ बनारस' ही बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. चित्रणासाठी निघालेली रुबी तीतच गेली.

श्रोतेहो, यापुढे अनुबोधपट पाहताना दिग्दर्शकाचे नाव अवश्य वाचा; पण पडद्यावरची माणसे इतकी मोकळेपणाने कोणामुळे बोलली, हेही विचारा.